ध्वनी : बोटाने जाणावा, कानाने जपावा

वैद्यकशास्त्राचे ध्वनीशी नाते जुने आहे. लाकडी तुळईच्या एका टोकावर टाचणीने ओरखडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉ. रेने लेनेक यांना हेच आठवले. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी रुग्णेच्या छातीवर ठेवून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. म्हणूनच मुलांना ध्वनी समजावून सांगणे हे आपलेही कर्तव्य आहे, असे मी मानतो.

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील अनेक मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात. हिंदी पुस्तकातील ‘आवृत्ति’ म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. मराठीत तीच ‘वारंवारता’. मराठी मुलाला ‘आवृत्ती’ म्हटले की पुस्तकाची आवृत्ती आठवते! म्हणून सातवी-आठवीच्या मुलांशी बोलताना मी अनुभव आधी आणि शब्द नंतर देतो.

देवळातील घंटा वाजवून तिला हळूच बोट लावावे. बोटाला जाणवते ते कंपन. बोट दाबून धरले की कंपन थांबते आणि नादही विरतो. हे कंपन कानापर्यंत कसे येते? प्रार्थनेच्या रांगेत शेवटच्या मुलाने धक्का दिला, तर धक्का पुढे सरकतो, मुले मात्र जागेवरच राहतात. हवेचे कणही असेच पुढे-मागे हलतात; कुठे दाटी होते, कुठे विरळपणा येतो. हीच ध्वनितरंगाची वाटचाल होय. हवेत तिचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. वीज चमकल्यावर तीन सेकंदांनी गडगडाट आला, तर ती साधारण एक किलोमीटर दूर आहे, असे समजावे.

पोळ्याच्या बैलांच्या घुंगरांची कंपने जलद, म्हणून त्यांचा स्वर उंच. ढोलाची संथ, म्हणून त्याचा स्वर खालचा. माणसाला सेकंदाला २० ते २०,००० कंपने ऐकू येतात. त्यापलीकडच्या, दहा-दहा लाखांच्या पटीतील कंपनांवर आपली सोनोग्राफी चालते.

आता आवाजाच्या जोराविषयी. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. १०० डेसिबलचा मात्र जेमतेम २० मिनिटे. वरातीतील डीजेसमोर नाचणारे मूल ही मर्यादा एका संध्याकाळीच ओलांडते. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. परंतु नियमाचे कारण उमगले, तरच तो पाळला जातो.

प्रत्येक डॉक्टराने वर्षातून एक तास एका शाळेला द्यावा, मुलांच्या कानाला आपला स्टेथोस्कोप लावावा आणि त्यांना स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू द्यावेत. इतका हळुवार आवाज टिपणारा कान किती मोलाचा आहे, हे मग त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.