केमी लाइपसिक

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातील लाइपसिक शहराच्या लॉइच या पश्चिमेकडील औद्योगिक उपनगरातील एक फुटबॉल संघ. हिरवा व पांढरा हे संघाचे रंग होत. पूर्व जर्मनीचे राष्ट्रीय अजिंक्यपद या संघाने १९५१ व १९६४ अशा दोन वर्षी पटकाविले. पुढे तो खालच्या श्रेणींत गेला आणि एकविसाव्या शतकात चौथ्या श्रेणीपलीकडे त्याची मजल गेलेली नाही. जर्मन फुटबॉलच्या इतिहासात मात्र त्याची नोंद घ्यावी लागते, ती त्याच्या विजयांच्या संख्येमुळे नव्हे, तर १९६३-६४ च्या एकाच हंगामामुळे. क्रीडाक्षेत्रातील सरकारी नियोजनाचा अंदाज त्या हंगामात साफ चुकला.

लाइपसिक शहर जर्मन फुटबॉलच्या आरंभापासून त्याच्याशी निगडित आहे. जर्मन फुटबॉल महासंघाची स्थापना १९०० मध्ये याच शहरात झाली आणि १९०३ मधील पहिले राष्ट्रीय अजिंक्यपदही येथील व्हीएफबी लाइपसिक या संघाने जिंकले. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएट प्रशासनाखालील विभागात जुने क्लब विसर्जित करण्यात आले व त्यांच्या जागी प्रथम वस्तीनिहाय आणि नंतर कारखानानिहाय संघ उभे राहिले. लॉइचमधील अशाच एका वस्तीसंघातून पुढे ‘इंडुस्ट्री लाइपसिक’ हा संघ निघाला आणि १९५० मध्ये त्याला ‘बीएसजी केमी’ हे नाव मिळाले. बीएसजी म्हणजे ‘बेट्रीब्सश्पोर्टगेमाइनशाफ्ट’, अर्थात कारखान्याचे क्रीडामंडळ. अशा मंडळांची नावे ज्या त्या उद्योगावरून ठरत : रेल्वेची ती ‘लोकोमोटिव्ह’, वीजउद्योगाची ‘टुर्बिने’, छपाई व वृत्तपत्रे यांची ‘रोटात्सिओन’, तर रसायन उद्योगाची ‘केमी’. पोलीस व सुरक्षादले यांचे संघ ‘डिनामो’ आणि सैन्याचे ‘फोरवेर्ट्‌स’ या नावाने ओळखले जात. खेळाडू कागदोपत्री त्या त्या उद्योगाचा नोकर असे व संघाचा खर्च तो उद्योग सोशी.

केमीने १९५०-५१ च्या हंगामातच ‘ओबरलिगा’ ही सर्वोच्च श्रेणीची साखळी स्पर्धा जिंकली. केमी व टुर्बिने एर्फुर्ट यांचे गुण समसमान झाल्याने केम्‌निट्स येथे निर्णायक सामना खेळवावा लागला आणि तो केमीने २-० असा जिंकला. १९५३-५४ मध्ये हा संघ दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याच वर्षी पहिला आघात झाला. निवडक खेळाडूंना एकत्र आणून त्यांना विशेष प्रशिक्षण देणारे ‘क्रीडाक्लब’ स्थापन करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. त्यानुसार केमीचे खेळाडू नव्या ‘एससी लोकोमोटिव्ह लाइपसिक’ या क्लबाकडे वर्ग करण्यात आले. हा प्रकार एकट्या लाइपसिकपुरता नव्हता. सॅक्सनीच्या डोंगराळ भागातील लाउटर या छोट्या गावाचा संघ १९५४ च्या हंगामात स्पर्धा चालू असतानाच बाल्टिक किनाऱ्यावरील रॉस्टॉक बंदराला हलविण्यात आला, कारण देशाच्या उत्तर भागात पहिल्या श्रेणीचा संघ नव्हता. प्रेक्षकांना काय वाटते, हा प्रश्न नियोजकांच्या विचारात नसावा.

यानंतर नऊ वर्षे लाइपसिकमध्ये एससी लोकोमोटिव्ह व एससी रोटात्सिओन असे दोन क्लब पहिल्या श्रेणीत खेळत राहिले. दोघांचीही कामगिरी अधिकाऱ्यांच्या अपेक्षेला उतरेना. तेव्हा १९६३ च्या उन्हाळ्यात दोन्ही क्लबांतील उत्तम समजले जाणारे खेळाडू एकत्र करून ‘एससी लाइपसिक’ हा एकच बलाढ्य संघ बनविण्यात आला. जे निवडीत बसले नाहीत, त्यांची रवानगी लॉइचला झाली व तेथे बीएसजी केमी हे जुने नाव पुन्हा उचलण्यात आले. ओबरलिगेतील शहराच्या दोन जागांपैकी एक केमीला मिळाली. हा संघ लवकरच खालच्या श्रेणीत घसरेल, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. लोक त्याला ‘लाइपसिकचे उरलेसुरले’ म्हणू लागले. आरंभी हेटाळणीचे असलेले हे नाव पुढे संघाने व त्याच्या चाहत्यांनी अभिमानाने मिरविले.

या उरल्यासुरल्या खेळाडूंची जबाबदारी आल्फ्रेट कुंट्‌से (१९०९–९६) या अनुभवी प्रशिक्षकाकडे आली. मानफ्रेट व्हाल्टर हा कर्णधार होता आणि त्साइट्स येथून आलेला बेर्न्ट बाउखश्पीस हा आघाडीचा खेळाडू. बाउखश्पीस १९५९ व १९६० मध्ये ओबरलिगेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. पुढे १९६४-६५ मध्ये १४ गोल करून त्याने हा मान तिसऱ्यांदा मिळविला. खेळाबरोबरच तो वैद्यकाचा अभ्यास करीत होता व पुढे अस्थिव्यंगतज्ज्ञ झाला. हंगामाच्या अखेरच्या दिवशी, १० मे १९६४ रोजी, केमीने एर्फुर्ट येथे टुर्बिनेचा २-० असा पराभव करून अजिंक्यपद निश्चित केले. दुसऱ्या क्रमांकावर एम्पोर रॉस्टॉक, म्हणजे दहा वर्षांपूर्वी लाउटरहून हलविलेला तोच संघ होता. निवडक खेळाडूंचा एससी लाइपसिक तिसरा आला. त्याच वर्षी टोकिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या संयुक्त जर्मन संघात, जो प्रत्यक्षात पूर्व जर्मन खेळाडूंचाच होता, व्हाल्टर व बाउखश्पीस यांचा समावेश होता.

या विजयाभोवती पुष्कळ दंतकथा जमल्या आहेत. टाकून दिलेल्या नवशिक्यांनी देश जिंकला, हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय चित्र वस्तुस्थितीला धरून नाही. निवडीतून वगळलेल्यांपैकी बरेच जण पहिल्या श्रेणीत खेळलेले होते. एससी लाइपसिकनेही तिसरा क्रमांक मिळविला असल्याने एकत्रीकरणाची योजना अगदीच फसली, असे म्हणता येत नाही. चुकला तो खेळाडू पारखण्याचा निकष. क्रीडाधिकाऱ्यांनी खेळाडू एकेकटे तोलले. अकरा जण मिळून कसे खेळतील, याचे माप त्यांच्याकडे नव्हते. शिवाय वगळले गेल्याची सल आणि लॉइचच्या कामगारवस्तीतील प्रेक्षकांचा पाठिंबा यांचे पाठबळ केमीला लाभले.

१९६६ मध्ये लोकोमोटिव्ह श्टेन्डालचा १-० असा पराभव करून केमीने पूर्व जर्मनीच्या कामगार संघटना महासंघाचा चषक जिंकला. त्यानंतरच्या यूरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत त्याने वॉर्सा येथील लेगिया या संघाला बाद केले. पुढच्या फेरीत बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएझने मात्र परक्या मैदानावरील गोलाच्या नियमाच्या आधारे त्याला बाद केले. याच सुमारास संघाचे भवितव्य ठरविणारा निर्णय झाला होता. १९६५-६६ मध्ये शासनाने निवडक संघांना स्वतंत्र ‘फुटबॉल क्लब’ हा दर्जा दिला. लाइपसिकमध्ये तो एससी लाइपसिकच्या फुटबॉल विभागाला मिळाला व जानेवारी १९६६ मध्ये १. एफसी लोकोमोटिव्ह लाइपसिक स्थापन झाला. केमी कारखान्याचे मंडळच राहिले. परिसरातील होतकरू मुले लोकोमोटिव्हकडे जाऊ लागली आणि केमीत एखादा खेळाडू नावारूपाला आलाच, तर त्यालाही वरचे बोलावणे येई. १९७१, १९७४, १९७६, १९८० व १९८५ अशी पाच वेळा केमीची ओबरलिगेतून घसरण झाली. लोकोमोटिव्ह १९८७ मध्ये यूरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. अथेन्स येथील त्या सामन्यात ॲम्स्टरडॅमच्या आयाक्स संघाने त्याला १-० असे हरविले. एका हंगामात हरलेले नियोजन पुढील दोन दशकांत असे जिंकले. या दोन संघांतील वैराचे मूळ १९६३ च्या त्या वाटणीत आहे व ते अद्याप शमलेले नाही.

जर्मनीच्या एकीकरणाच्या सुमारास कारखान्यांचा आधार तुटला. १९९० मध्ये केमीचे नाव बदलले आणि ब्यॉलेन येथील संघाशी एकीकरण होऊन ‘एफसी सॅक्सन लाइपसिक’ हा क्लब तयार झाला. त्या शरद ऋतूत, ३ नोव्हेंबर १९९० रोजी, बर्लिनच्या पूर्वीच्या डिनामो संघाविरुद्धच्या सामन्याच्या वेळी दंगल उसळून लॉइच स्थानकाजवळ पोलिसांच्या गोळीबारात बर्लिनचा एक अठरा वर्षांचा चाहता मृत्युमुखी पडला. जुनी पोलीस यंत्रणा मोडकळीस आलेली व नवीची घडी अद्याप न बसलेली, अशा काळातील ही घटना होय. १९९२ मध्ये क्रीडांगणाला कुंट्‌सेचे नाव देण्यात आले. तोवर ते गेओर्ग श्वार्ट्‌स या, नाझींनी १९४५ मध्ये देहान्त शासन दिलेल्या कम्युनिस्टाच्या नावाने ओळखले जाई. १९९३ मध्ये सॅक्सनने आपली साखळी स्पर्धा जिंकली. परंतु आर्थिक कारणास्तव परवाना नाकारल्याने व्यावसायिक श्रेणीचे दार त्याला बंद झाले. २००१ व २००९ अशी दोनदा दिवाळखोरी ओढवून २०११ मध्ये क्लब बंद पडला.

२००६ मध्ये ऑस्ट्रियातील रेड बुल या पेय कंपनीने सॅक्सनमध्ये गुंतवणूक करण्याचा विचार केला होता. चाहत्यांचा विरोध आणि जर्मन महासंघाचे आक्षेप यांमुळे तो बारगळला. कंपनीने २००९ मध्ये जवळच्या मार्करानश्टेट येथील संघाची श्रेणीतील जागा घेऊन आरबी लाइपसिक उभा केला व तो २०१६ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचला.

केमीचे नाव टिकवून धरण्यासाठी काही चाहत्यांनी १९९७ मध्येच स्वतंत्र मंडळ स्थापन केले होते. सॅक्सनच्या चाहत्यांत फूट पडल्यावर २००८ मध्ये या मंडळाने अगदी तळाच्या श्रेणीत आपला संघ उतरविला. बीएसजी ही अद्याक्षरे कायम ठेवण्यात आली. फक्त त्यांतील ‘बी’ आता ‘बेट्रीब’ (कारखाना) याऐवजी ‘बाल’ (चेंडू) या शब्दाचा निदर्शक झाला. हा संघ २०१७ मध्ये चौथ्या श्रेणीत चढला, पुढच्याच वर्षी घसरला आणि २०१९ मध्ये परतला. घसरणीच्या त्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्याने सॅक्सनी राज्याचा चषक जिंकून जर्मन चषक स्पर्धेत प्रवेश मिळविला. तेथे पहिल्या फेरीत, कुंट्‌सेच्या नावाच्या मैदानावर, त्याने दुसऱ्या श्रेणीतील यान रेगेन्सबुर्गला २-१ असे हरविले. दुसऱ्या फेरीत पाडरबोर्नकडून तो ०-३ असा पराभूत झाला.