जुन्या पिकअपला डिस्क ब्रेकचा मागचा एक्सल : मिस्त्रींनी काय पाहावे?

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून माल भरून चांदूर रेल्वेकडे येणाऱ्या जुन्या पिकअपच्या ड्रममध्ये पाणी व चिखल शिरतो. मग ब्रेक दाबला तरी गाडी पुढे सरकते. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाने सुरू झालेल्या कंपनीच्या जुन्या पिकअपना चारही चाकांना ड्रमच असत. म्हणून काही मालक दुसऱ्या गाडीचा डिस्कवाला मागचा एक्सल बसवून मागतात. उघडी डिस्क पाणी लवकर झटकते व लवकर थंड होते, हे खरे.

पण हौसिंग पाट्यांवर बसली म्हणजे काम संपले नाही. एक्सलची रुंदी, पाट्यांमधील अंतर व क्राऊन-पिनियनचे प्रमाण आधी तपासावे. फोर-व्हील गाडीत हे प्रमाण पुढच्या एक्सलशी जुळलेच पाहिजे. ड्रमसाठी लाइनमध्ये दाब धरणारा व्हॉल्व्ह तसाच राहिला, तर पॅड घासून चाक तापते. पुढे ड्रम व मागे डिस्क ठेवली, तर मागची चाके आधी धरून रिकामी गाडी फिरू शकते. हँडब्रेकही पाहावा.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरबदलास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने मालकास दर फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याचा दावाही अडू शकतो.

तेव्हा मिस्त्री बंधूंनो, आधी आरटीओत विचारा. परवानगी नसेल तर नवे लायनर, सिलिंडर व नीट खरादलेले ड्रम लावून द्या. मजुरी कमी मिळेल, पण गिऱ्हाईक सुखरूप घरी पोचेल.