संस्थेच्या संकेतस्थळाची निगा

अलीकडे अनेक शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व सहकारी संस्थांनी आपापली संकेतस्थळे सुरू केली आहेत. बियाण्याचा साठा, मालाचे दर, सभेची सूचना व पैसे भरावयाचा खाते क्रमांक सभासदास तेथे घरबसल्या पाहावयास मिळतो. परंतु संकेतस्थळ एकदा तयार झाले म्हणजे काम संपले, अशी समजूत करून घेणे योग्य नव्हे. पेरणीनंतर निंदणी-खुरपणी न केल्यास पिकाची जी दशा होते, तीच निगा न राखलेल्या संकेतस्थळाची होते.

रचना

अशी पुष्कळ संकेतस्थळे २००३ साली निघालेल्या वर्डप्रेस या प्रणालीवर चालतात. तीत मजकूर एका माहितीसंचात साठविलेला असतो व वाचकाने मागणी करताच त्यातून पान जुळविले जाते. पानाच्या मांडणीसाठी थीम व जादा सोयींसाठी प्लगिन जोडतात. प्रत्येक प्लगिन म्हणजे घरास ठेवलेले आणखी एक दार होय. जरूर नसलेले प्लगिन केवळ बंद न ठेवता काढूनच टाकावे.

सुरक्षितता

प्रणालीत दोष आढळल्यास तिचे कर्ते सुधारलेली आवृत्ती काढतात. मात्र दोष जाहीर होताच तो चोरांनाही कळतो; म्हणून दिरंगाई घातक ठरते. वर्डप्रेसच्या ४.७ व ४.७.१ या आवृत्त्यांत पासवर्डवाचून कोणासही लेखातील मजकूर बदलता येत असे. २६ जानेवारी २०१७ रोजी दुरुस्त आवृत्ती निघाली व १ फेब्रुवारीस दोषाची माहिती प्रसिद्ध झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, दुरुस्ती न केलेल्या हजारो संकेतस्थळांचा मजकूर बदलला गेला. असा बदल खाते क्रमांकात झाला, तर खतासाठी भरलेली सभासदाची रक्कम परक्याच्या हाती जाईल. यास्तव मोठी रक्कम भरण्यापूर्वी खाते क्रमांक संस्थेच्या कचेरीत विचारून घ्यावा.

काम करणाऱ्या प्रत्येकास स्वतंत्र नाव व लांब पासवर्ड द्यावा. नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

वेग

खेड्यात मोबाइलची रेंज नेहमी चांगली मिळतेच असे नाही. मोबाइलवर काढलेले छायाचित्र कित्येकदा ३ ते ५ एमबीचे असते; ते लहान करून २०० केबीच्या आत आणल्यास पान लवकर उघडते. पान तयार स्वरूपात साठवून ठेवणारे कॅशचे प्लगिनही उपयोगी पडते. परंतु दर बदलल्यावर कॅश रिकामी करण्यास विसरू नये. अन्यथा सभासदास कालचाच दर दिसेल.

बॅकअप

माहितीसंच व छायाचित्रादी फायली या दोहोंचा बॅकअप घ्यावा. त्याची एक प्रत सर्व्हरखेरीज अन्यत्र ठेवावी. तो परत लावून पाहिल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये.

कामाचे वेळापत्रक

१. दर आठवड्यास : बॅकअप घेऊन मग प्रणाली, थीम व प्लगिन अद्ययावत करावे. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती त्याच दिवशी करावी.
२. दर महिन्यास : खाते क्रमांक, दर व दूरध्वनी क्रमांक पडताळावे, प्रवेश असलेल्यांची यादी तपासावी.
३. दर तीन महिन्यांस : बॅकअप निराळ्या जागी लावून पाहावा.
४. दर वर्षी : डोमेन व होस्टिंग यांचे शुल्क मुदतीपूर्वी भरावे. डोमेनची नोंद ठेकेदाराच्या नव्हे, तर संस्थेच्याच नावे आहे याची खात्री करावी; अन्यथा ठेकेदाराशी बेबनाव होताच संकेतस्थळ हातचे जाण्याचा संभव असतो.

हे काम सर्वांचे म्हटले की कोणाचेच राहत नाही. म्हणून संचालक मंडळाने ठराव करून एका व्यक्तीवर ते सोपवावे व केलेल्या कामाची तारीखवार नोंद वहीत ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संस्थेस भेट देताना दप्तराबरोबर ही वहीही पाहावी.