छपरावरच्या पेटीतली नारिंगी तार

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहर आहे. २०२३ साली ३० जूनपासून तिथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटला किंवा त्याच्याही वर गेला. म्हणजे आपल्या हिशेबाने ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे. तिथल्या कितीतरी घरांच्या छपरांवर करड्या पत्र्याची एक मोठी पेटी असते. त्या महिन्यात घरात राहणं शक्य झालं ते या पेट्यांमुळे. संपादकांनी ‘हीट पंपावर लिहा’ म्हटलं, तेव्हा मी तिथल्या एका जुन्या मेकॅनिकला गाठलं आणि भल्या पहाटे, पत्रा तापायच्या आत, त्याच्यामागून शिडी चढलो.

या छपरांवर पूर्वी कूलर असत. नागपूर-अकोल्याकडच्या कूलरचीच ती जातकुळी, फक्त वाळ्याऐवजी ॲस्पेन लाकडाच्या पातळ काड्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्यांचं काही चालत नसे. पुढे कॉम्प्रेसरची यंत्रं आली. हीट पंप त्यांतलाच. उन्हाळ्यात तो घरातली उष्णता बाहेर टाकतो आणि हिवाळ्यात बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. छपरावरच्या प्रकारात कॉम्प्रेसर, उष्णता घेणारी आणि सोडणारी अशी दोन्ही कॉइल आणि पंखा असं सगळं एकाच पेटीत असतं.

मेकॅनिकने आधी पेटीशेजारच्या डब्यातला खटका ओढून काढला. वीज तुटली होती, तरी त्याने मीटर लावून पाहिलं. कारण विचारल्यावर त्याने कॉन्टॅक्टरवर, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर, बोट ठेवलं. अमेरिकेत घरगुती २४० व्होल्ट मिळतात ते दोन जिवंत तारांमधून. प्रत्येकीत जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्ट असतात. पुष्कळ घरगुती यंत्रांतला कॉन्टॅक्टर यांतली एकच तार तोडतो. यंत्र गप्प असतं, कॉम्प्रेसर थांबलेला असतो, पण दुसऱ्या तारेत वीज तशीच असते. ‘बंद’ दिसणाऱ्या यंत्रात हात घालणाऱ्याचा घात इथेच होतो.

या २४० व्होल्टना हुकूम देतात त्या खालून, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडून आलेल्या २४ व्होल्टच्या बारीक तारा. लाल ‘आर’मधून वीज येते, ‘सी’मधून परत जाते. पिवळी ‘वाय’ कॉम्प्रेसर चालू करते, हिरवी ‘जी’ घरातला पंखा, पांढरी ‘डब्ल्यू’ जादा हीटर. आणि नारिंगी ‘ओ’ हीट पंपाची दिशा बदलते. मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो तो या तारेपाशी.

ती जाते चौमुखी व्हॉल्व्हकडे. आडवं नळकांडं, एका अंगाला एक नळी, दुसऱ्या अंगाला तीन. व्हॉल्व्हवरच्या २४ व्होल्टच्या इवल्या विद्युतचुंबकी कॉइलमध्ये आतला मोठा सरकता तुकडा ढकलायची ताकद नाही. ती फक्त बारीक नळ्यांमधल्या दाबाची वाट बदलते आणि यंत्रात फिरणाऱ्या गॅसचा स्वतःचा दाबच तुकडा सरकवतो. दोन्हीकडे दाब सारखा असेल, तर वीज देऊनही तो हलत नाही. मेकॅनिकने यंत्र चालू करून दिशा बदलली तेव्हा ‘स्सऽऽ’ असा मोठा आवाज आला आणि जी नळी तापलेली होती ती काही क्षणांत गार पडली. इतकं साधं आणि इतकं पक्कं काम मी क्वचितच पाहिलं आहे.

पण अडचणीही इथेच सुरू होतात. बहुतेक कंपन्यांची यंत्रं गारव्यासाठी या व्हॉल्व्हला वीज देतात. रीम आणि रूड यांची पद्धत उलटी. त्यांची वीज उष्णतेसाठी आणि अक्षर ‘बी’. थर्मोस्टॅट बदलताना ‘ओ’ की ‘बी’ ही निवड चुकली, तर ऐन जूनमध्ये घरात गरम हवा येते. बिघाड कुठेच नसतो, म्हणून तो सापडत नाही. रंगांवरही भिस्त ठेवता येत नाही. आधीच्या माणसाच्या हाताशी जी तार मोकळी होती ती त्याने जोडलेली असते. जुन्या घरांत ‘सी’ची तार कधी ओढलेलीच नसते आणि नव्या स्मार्ट थर्मोस्टॅटना ती बहुधा लागतेच.

त्यात ऊन. छपरावर उघडी टाकलेली थर्मोस्टॅटची तार काही वर्षांत कडक होते, आवरण तडकतं, तांबं पत्र्याला टेकतं. पेटीतल्या कंट्रोल बोर्डावर ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज असेल तर तेवढाच उडतो. नसेल तर २४ व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर जळतो. हजारो डॉलरचं यंत्र बसवताना या तारेसाठी उन्हात टिकणारी पाइप टाळली जाते, याचं मला फार वाईट वाटलं. ४३ अंशांत घरात म्हातारी माणसं असताना यंत्र बंद पडणं ही नुसती गैरसोय नसते.

तुमची मुलंबाळं तिकडे असतील आणि घरचा थर्मोस्टॅट स्वतः बदलणार असतील, तर त्यांना एवढं सांगा. आधी ब्रेकर पाडा. कुठली तार कुठल्या अक्षराखाली आहे, याचा फोटो काढा. रंगावर न जाता छपरावरच्या बोर्डावरची अक्षरं वाचून जुळवा. आणि गार हवेऐवजी गरम हवा आली, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी ‘ओ’ की ‘बी’ ही निवड तपासा.