होकार कोणी दिला?
कॉसमॉस बँकेवरील दरोडा आणि आपल्या दुकानाचा गल्ला

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातील दुसरा शनिवार होता. बँकांना सुट्टी होती. पुण्यातील गणेशखिंड रस्त्यावरच्या कॉसमॉस बँकेच्या मुख्य कार्यालयात नेहमीची वर्दळ नव्हती. कोणी कुलूप तोडले नाही, कोणी पहारेकऱ्याला धमकावले नाही. तरीही त्या दिवशी काही तासांत आणि त्यानंतरच्या सोमवारी मिळून या बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. १९०६ साली स्थापन झालेली आणि देशातील मोठ्या नागरी सहकारी बँकांमध्ये गणली जाणारी ही बँक. तिच्यावरील हा दरोडा पुणेकर व्यापारी अजून विसरलेले नाहीत; परंतु तो नेमका कसा पडला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ते समजून घेतले तर आपल्या दुकानातील रोजच्या व्यवहारालाही त्याचा उपयोग होईल.

दरोडा पडला कसा?

एटीएममध्ये आपण कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतःच्या मर्जीने पैसे देत नाही. कार्ड व्हिसाचे असो की रुपेचे, त्या जाळ्यामार्फत यंत्र आपल्या बँकेला विचारते, ‘या खातेदाराला एवढी रक्कम द्यावी काय?’ बँकेकडे हा प्रश्न स्वीकारणारी एक संगणक यंत्रणा असते. तिला स्विच म्हणतात. स्विच बँकेच्या मूळ खातेवहीत शिल्लक पाहून होकार किंवा नकार कळवतो, आणि मगच नोटा बाहेर येतात.

आपल्या पद्धतीने सांगायचे तर असे समजा की, पेढीवर चिठ्ठी घेऊन माणूस येतो. दिवाणजी खातेवही उघडतात, त्याच्या नावावर किती जमा आहे ते पाहतात आणि गल्ल्यावरच्या पोराला ‘दे’ म्हणून सांगतात. आता कोणी दिवाणजींच्या जागी त्यांच्याच आवाजात बोलणारा तोतया बसवला तर? तो खातेवही उघडणारच नाही. येईल त्या चिठ्ठीला ‘दे’ म्हणेल, आणि गल्ल्यावरचा पोरगा प्रामाणिकपणे पैसे देत राहील.

कॉसमॉसमध्ये हेच घडले. चोरांनी बँकेच्या संगणक जाळ्यात घातक प्रोग्राम शिरवला आणि खऱ्या स्विचच्या आड एक तोतया स्विच उभा केला. बनावट कार्डांवरून आलेली मागणी खातेवहीपर्यंत पोहोचलीच नाही; तोतयानेच परस्पर होकार दिला. व्हिसा कार्डांवर २८ देशांतील एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले. रुपे कार्डांवर भारतातच सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी निघाले. सोमवारी, १३ ऑगस्टला, परदेशी पैसे पाठवण्याच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका कंपनीच्या खात्यात वळवण्यात आले. पुढे त्यातील काही रक्कम अडवता आली.

खातेदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने जाहीर केले आणि तोटा बँकेने सोसला. मात्र खबरदारी म्हणून काही दिवस एटीएम आणि नेट बँकिंग बंद ठेवावे लागले. रोजच्या रोज माल उचलणाऱ्या आणि कारागिरांची मजुरी चुकवणाऱ्या व्यापाऱ्याला चार दिवस पैसा अडकणे म्हणजे काय, हे येथे वेगळे सांगायला नको.

सापडले कोण आणि सुटले कोण?

या प्रकरणाचा संशय पुढे उत्तर कोरियाच्या हॅकर्सवर आला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेसाठी त्या देशावरील निर्बंधांची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ च्या अहवालात कॉसमॉसवरील हल्ल्याची नोंद घेतली. २०१६ साली बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर पळवल्याचा आरोपही त्याच देशाच्या हॅकर्सवर आहे. विशेष म्हणजे, एटीएममधून असा मोठा डल्ला मारला जाणार असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने कॉसमॉसच्या घटनेच्या एकच दिवस आधी तिकडील बँकांना दिला होता.

पण तुरुंगात गेले कोण? कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा ठिकाणी बनावट कार्डे घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेले आणि त्यांना ती कार्डे पुरवणारे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. नऊ जणांना चार वर्षांची आणि दोघांना तीन वर्षांची शिक्षा झाली. सूत्रधार मात्र सातासमुद्रापार राहिले.

ही बाब आपल्या मोहल्ल्यांतील तरुणांना मुद्दाम सांगितली पाहिजे. ‘तुझे खाते महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो’, ‘हे कार्ड घे आणि पैसे काढून आण’ असे सांगणारे आजही भेटतात. काम पाच मिनिटांचे असते, पण पोलिसांच्या कागदावर नाव खाते देणाऱ्याचे चढते. चोरीचा पैसा ज्या खात्यातून गेला त्या खात्याचा मालक ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणून सहज सुटत नाही. कारखान्यातील कामगार, दुकानातील पोरे, कॉलेजात जाणारे पुतणे-भाचे यांना हे घरात बसवून सांगावे.

तोच तोतया आपल्या गल्ल्यावर

कोणी म्हणेल, बँकेचे प्रकरण मोठे, आमच्या बोहरी आळीतल्या किंवा कॅम्पातल्या दुकानाशी त्याचा काय संबंध? संबंध अगदी जवळचा आहे.

समजा, दुकानात गर्दी आहे. गिऱ्हाईक चार हजारांचा माल घेते, मोबाइल पुढे करते आणि पडद्यावर हिरवी खूण दिसते, ‘पेमेंट झाले’. आपण मान डोलावतो आणि माल देतो. संध्याकाळी हिशेब जुळत नाही. कारण ती खूण बनावट ॲपची होती. बँकेपर्यंत काही गेलेच नव्हते. येथेही खातेवही न उघडता होकार मिळाला, आणि तो दिला गिऱ्हाइकाच्या मोबाइलने! आपला होकार आपल्याच खात्यातून आला पाहिजे. दुकानातील बोलणारे यंत्र, बँकेचे ॲप किंवा खात्यातील प्रत्यक्ष नोंद, यांपैकी एक पाहिल्याशिवाय माल हातातून सोडू नये. दुकान उघडताना क्यूआर कोडवर दुसरेच स्टिकर तर चिकटवलेले नाही ना, हेही बघावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. जो पिन मागतो तो पैसे देत नसून नेत असतो.

दुसरी तऱ्हा मालक किंवा व्यापाऱ्याचे सोंग घेण्याची. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटसारख्या कंपनीचे एक कोटी एक लाखाहून अधिक रुपये असेच गेले. कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर संदेश आले, अमुक खात्यांत ताबडतोब पैसे भरा. आणि पैसे भरले गेले. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होऊ शकते, तर दोन कारकुनांच्या पेढीची काय कथा! सुरतेच्या किंवा भिवंडीच्या जुन्या व्यापाऱ्याकडून ‘आमचे बँक खाते बदलले, आता येथे भरा’ असा संदेश आला, तर आपल्या डायरीतील जुन्या नंबरवर फोन लावून त्याच्याशी बोलावे. संदेशात दिलेल्या नंबरवर फोन करू नये. तेथे तोतयाच बसलेला असतो.

गिऱ्हाइकाची माहिती हीही अमानत

आपण स्वतःही लोकांची माहिती सांभाळतो. यात्रा कंपन्यांकडे पासपोर्टच्या प्रती असतात, मोबाइल दुकानदाराकडे आधारच्या झेरॉक्स असतात, शिंप्याकडे आणि किराणा दुकानदाराकडे शेकडो फोन नंबर असतात. ही कागदपत्रे रद्दीत गेली किंवा सर्वांना ठाऊक असलेल्या पासवर्डच्या संगणकात पडून राहिली, तर त्यांतूनच उद्या दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड आणि कर्ज निघते. कोणाचे दागिने ठेवायला घेतले तर आपण जसे जपतो, तसेच हे कागद जपले पाहिजेत.

आता कायदाही तेच सांगतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च दंड छोट्या दुकानदाराला होईल असे नव्हे. पण गरजेपुरतीच माहिती घ्यावी, काम झाले की नष्ट करावी, आणि आधार हवेच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत मागावी, ही शिस्त आजपासूनच लावून घेतलेली बरी.

धोरण काय सांगते?

कॉसमॉसच्या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा किमान आराखडा जारी केला. ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्यात भर घालून बँकांचे चार स्तर पाडण्यात आले. ज्या बँकेचा संगणकीय कारभार मोठा, तिच्यावर बंधने अधिक. आपल्यापैकी अनेकजण सहकारी बँकांचे केवळ खातेदार नव्हे, तर भागधारक सभासद आहेत. वार्षिक सभेत लाभांश किती, हे आपण विचारतो. त्याबरोबरच आपली बँक कोणत्या स्तरात बसते, संगणक सुरक्षेची तपासणी शेवटची कधी झाली आणि सुट्टीच्या दिवशी व्यवहारांवर नजर कोण ठेवते, हेही विचारावे. कॉसमॉसवर घाला सुट्टीच्या दिवशीच पडला होता.

ग्राहकांच्या जबाबदारीचे नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ साली काढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते सहकारी बँकांनाही लागू केले. बँकेची चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा चोरीत बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार पडू नये, हे त्यातील मुख्य सूत्र. मात्र पिन किंवा ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून आजच्या मर्यादा शाखेत विचारून घ्याव्यात. कळवण्याची घाई मात्र कायम ठेवावी.

पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या नंबरवर फोन करावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. ‘लोक काय म्हणतील’ या लाजेने गप्प बसणारा चोराला वेळ देतो. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्याआधी अडवला तरच तो परत मिळण्याची आशा असते.

शेवटी एक विनंती. अलीकडे बऱ्याच दुकानांतून रोजमेळ लिहिण्याची चाल सुटली आहे, ‘मोबाइलमध्ये सगळे आहे’ म्हणून. आज रात्री दुकान वाढवण्यापूर्वी दिवसभराची बिले आणि बँक खात्यात खरोखर जमा झालेल्या रकमा समोरासमोर मांडून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे. एखादी रक्कम जुळली नाही, तर ती त्याच दिवशी कळेल.