उभ्या गाडीचा पगार

कोल्हापुरात राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरच्या दुकानात मांडलेला माल तिथवर येईपर्यंत निदान दोन चालकांच्या हातांतून गेलेला असतो. परगावचा ट्रक तो शहराच्या कडेला ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरवतो आणि तिथून गल्लीपर्यंतचा टप्पा टेम्पो किंवा ‘छोटा हत्ती’ पुरा करतो. दोघांचे काम ड्रायव्हरकीचेच, पण कमाईची रीत निराळी. कोल्हापूर जिल्ह्यात याशिवाय ऊस, दूध, ओतकामाचे सुटे भाग आणि बॉक्साइट यांची वाहतूक चालते, आणि प्रत्येक मालाबरोबर चालकाच्या पगाराचा हिशेब बदलतो.

हा हिशेब तीन प्रश्नांवर ठरतो. मोबदला महिन्यावर, फेरीवर की टनावर मोजायचा? गाडी कोणाच्या मालकीची? आणि गाडी जितका वेळ उभी राहते, तो वेळ कोणाच्या खात्यावर पडतो? नोकरी धरताना तिसऱ्या प्रश्नाची चर्चा सर्वांत कमी होते, पण कमाईतला खरा फरक तिथेच पडतो.

लांब पल्ल्याची गाडी

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतला माल पुणे-बंगळूर महामार्गाने दोन्ही दिशांना जातो. पुणे सुमारे २३० किलोमीटर, मुंबई सुमारे ३८०. या गाड्यांवर मोबदल्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत महिन्याचा ठरलेला पगार आणि वर रोजचा किंवा फेरीचा भत्ता मिळतो. दुसरीत मालक डिझेल, टोल आणि वाटखर्च धरून फेरीची ठोक रक्कम देतो. त्यातून जे उरेल ते चालकाचे. ठोक पद्धतीत गाडीला चांगले अॅव्हरेज काढून देणारा चालक दोन पैसे जास्त राखतो. मात्र घाटातली कोंडी, बंद पडलेली गाडी, वळसा घालून जावे लागणे, या सगळ्याची झळ त्यालाच बसते.

समजा, डिझेल आणि टोल वजा जाता मुंबईच्या एका फेरीचे चालकाला ३,००० रुपये राहतात. माल वेळेत उतरला आणि परतीचे भाडे लगेच मिळाले, तर तीन दिवसांत फेरी पुरी होऊन दिवसाला १,००० रुपये पडतात. दोन दिवस गोदामाबाहेर रांगेत आणि एक दिवस परतीच्या भाड्याची वाट पाहण्यात गेला, तर त्याच कामाचे दिवसाला ५०० रुपये होतात. जेवणाचा खर्च मात्र सहा दिवसांचा होतो. अशा खोळंब्याबद्दल मालक माल पाठवणाऱ्याकडून ‘हॉल्टिंग’ मागू शकतो. ते मिळाले तरी त्यातला वाटा चालकापर्यंत पोहोचेलच असे नाही.

माल उतरवण्याच्या हमालीवरूनही खटके उडतात. ही रक्कम, म्हणजे ‘वाराई’, गाडीवाल्याकडून घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मालवाहतूकदारांची घोषणा तिच्याविरुद्धची आहे. वाटखर्चातून वाराई द्यावी लागली की ठोक पद्धतीतल्या चालकाची शिल्लक तेवढी घटते.

दूध, ऊस आणि बॉक्साइट

दूध थांबू शकत नाही. १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ संघाचे दूध मुंबई-पुण्याकडे जाते, आणि अशा टँकरच्या फेऱ्या वर्षभर जवळपास ठरल्या वेळेला होतात. परतीच्या भाड्याचा शोध नसतो, कारण रिकामा टँकर पुन्हा दूध भरायलाच यायचा असतो. उत्पन्न अंदाजात असते. त्या बदल्यात रात्रीचे जागरण आणि वेळ गाठण्याचा ताण पत्करावा लागतो.

उसाचा हिशेब नेमका उलटा. साखर कारखाना वाहनमालकाशी हंगामाचा करार करतो आणि वाहतुकीचा दर टनावर व अंतरावर ठरतो. मालक चालकाला हंगामापुरता ठेवतो, अनेकदा आधी उचल देऊन. कसबा बावड्याचा राजाराम असो, परिते येथील भोगावती असो की कुडित्रेचा कुंभी-कासारी, ऐन गाळपात गव्हाणीपर्यंत पोहोचायला आवारात नंबर लावावा लागतो. दिवसात किती खेपा होतील हे त्या रांगेवर अवलंबून असते. टनावर पैसे मिळत असल्याने रांगेतले तास कोणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत.

राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडसारख्या डोंगराळ भागातून होणारी बॉक्साइटची वाहतूकही खेपेवर व टनावर चालते. जास्त टन म्हणजे जास्त पैसे, त्यामुळे जादा भार घेण्याचा मोह मोठा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठेवला. भरलेली गाडी उतारावरून आणणारा चालक त्याखेरीज जिवाचा धोकाही पत्करतो. ऊस आणि बॉक्साइट ही दोन्ही कामे पावसाळ्याआधी आटोपतात, तेव्हा या चालकांना वर्षातले काही महिने दुसरे काम शोधावे लागते.

शहरातले काम

शहरातल्या टेम्पोचालकाला घर सुटत नाही, ही मोठी जमेची बाजू. साडेसात टनांपर्यंतच्या वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा कायम केले. त्यामुळे या कामात शिरणे सोपे, म्हणून चढाओढ जास्त आणि दर कमी. चालकालाच अनेकदा माल उचलूनही द्यावा लागतो.

कायम सरकारी चालक या सगळ्यांहून वेगळा. राज्य शासनाच्या वाहनचालकाची सातव्या वेतन आयोगातील वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० रुपये आहे. महागाई भत्ता आणि रजा वेगळ्या. गाडी उभी असली तरी त्याचा पगार चालू राहतो. तेच काम ठेकेदारामार्फत करणाऱ्याला ही हमी नसते.

स्वतःची गाडी चालवणारा मालक-चालक कागदावर सर्वांत जास्त कमावतो. मात्र कर्जाचा हप्ता, विमा, टायर आणि पासिंग यांचा खर्च गाडी धावो वा न धावो, येतच राहतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. अशा वेळी पगारी चालकाचा भत्ता अडतो. मालक-चालकाचा धंदाच अडतो.

कायदा काय सांगतो

मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, साप्ताहिक सुटी आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवले. लांब पल्ल्यासाठी दिवसाला दहा तासांपर्यंत सवलत होती. हा कायदा पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने त्यातली तासांची मर्यादा वाहतूक वाहनाच्या प्रत्येक चालकाला लावली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत १९६१ चा कायदा सामावला गेला आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात किमान संख्या दहा कामगारांची आहे. दोन-चार गाड्यांचा मालक या चौकटीबाहेर राहतो आणि त्याच्याकडचा चालक सुटी व रजेसाठी त्याच्या मर्जीवर असतो. कामावर असताना अपघात झाल्यास भरपाईचा हक्क मात्र लहान मालकाकडच्या चालकालाही आहे.

तासांची मर्यादा रस्त्यावर टिकत नाही याचे कारण मोबदल्याच्या पद्धतीतच आहे. फेरीवर पैसे घेणाऱ्याला विश्रांतीचा प्रत्येक तास तोट्याचा वाटतो. खर्च वाचवण्यासाठी क्लीनर ठेवणे अनेक मालकांनी बंद केले. त्यामुळे चालक एकटा पडला, आणि क्लीनरकी करत गाडी शिकण्याची वाटही अरुंद झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे आहे. जुन्या गाड्यांवरच्या चालकांना या सक्तीचा लाभ नाही.

म्हणून दोन कामांची तुलना करताना महिन्याची रक्कम पुरेशी नसते. हाती पडणाऱ्या पैशांतून वाटेतला स्वतःचा खर्च वजा करावा आणि उरलेल्याला घराबाहेर गेलेल्या सर्व तासांनी भागावे. त्यात रांगेतले आणि परतीच्या भाड्याची वाट पाहण्यातले तासही धरावेत. हॉल्टिंगमध्ये वाटा किती, वाराई कोण देणार आणि गाडी बिघडली तर भत्ता चालू राहणार का, हे काम धरण्याआधीच ठरलेले बरे.