मखराची वेल

आमच्या लष्करातल्या घरी आजोबांनी बारीक करवतीने कोरलेले गणपतीचे सागवानी मखर आहे. गेल्या भाद्रपदात त्याच्या महिरपीतली एक वेल तुटली आणि ती नव्याने घडविण्याचे काम माझ्या अंगावर आले.

प्रथम मी रंगाला भुललो. काळसर, नागमोडी रेषांची शिसवी फळी आणली. दिसायला देखणी, पण वेलीचा देठ जिथे रेषांना आडवा गेला, तिथे तो कट्‌कन मोडला. मग सागवान घेतले. ते टिकाऊ खरे. परंतु त्यातल्या वाळूसारख्या कणांनी पाती लवकर बोथट होतात आणि कठीण-मऊ पट्ट्यांमुळे करवत वळणावर भरकटते.

अखेर एका वृद्ध मिस्त्रींनी हळदूची फळी दिली. कोकणात यालाच हेदू म्हणतात. पिवळसर, दाट, एकसारख्या पोताचे हे लाकूड. फळी पुरती वाळलेली असावी आणि नाजूक देठ रेषांच्या दिशेने मांडावे, एवढेच त्यांनी सांगितले.

तानसेनाच्या समाधीवर जाताना महंमद घौसांच्या सोळाव्या शतकातल्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या आपण सारेच पाहतो. नजर भोकांकडे जाते. भार मात्र शिल्लक राहिलेल्या दगडावर असतो. लाकूड निवडायचे ते त्या शिल्लक भागासाठी.

नवी वेल जुन्यापेक्षा फिकी दिसते. रंग देऊन मी ते लपविले नाही. आजोबांचा हात कोणता, हे नातवंडांना कळलेले बरे!